हवा दमट, तळ कोरडा

ताई, नमस्कार.

आम्ही शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. तेरा वर्षांच्या लेकाच्या हट्टापायी गेल्या जूनमध्ये घरात बॉल पायथन जातीचा साप आला. वेटोळं करून बसतो म्हणून नाव ‘चकली’, आणि नावामुळे सगळे ‘ती’च म्हणतो. उन्हाळ्यात तिने दोनदा कात टाकली, पायमोज्यासारखी अख्खी. डिसेंबरअखेरची कात मात्र चिंध्या-चिंध्या होऊन निघाली. शेपटीच्या टोकाला अजून दोन कडी अडकली आहेत आणि डावा डोळा धुरकट दिसतो. टाकी काचेची, ४० गॅलनची. वर जाळीचं झाकण, त्यावर उष्णतेचा दिवा. नवरा दिवसातून चारदा पाण्याचा फवारा मारतो आणि जाळीवर ओला टॉवेल पसरतो. हवेतला दमटपणा मोजणारा काट्याचा हायग्रोमीटर ५० टक्के दाखवतो, पण तळातली लाकडाची भर चिकचिकीत झाली आहे आणि कुबट वास येतो. सांगलीहून सासूबाई आल्या आहेत, वय ७०. त्या म्हणतात खोबरेल तेल चोळा. लेक म्हणतो चिमट्याने ओढू. काल टाकी किचनच्या सिंकमध्ये घासायला घेतली तर सासूबाईंनी माझा हातच धरला. पाइनच्या वासाचं फरशी पुसायचं द्रावण आणून ठेवलंय, ते वापरू का?

– हैराण आई

हैराण आई,

सगळ्यात आधी तो चिमटा ड्रॉवरमध्ये परत ठेवा. चकलीच्या डोळ्याजवळ तो जाता कामा नये, लेकाचा हात कितीही स्थिर असला तरी.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा. कातीबरोबर त्याचा वरचा थर निघतो आणि खाली नवा तयार असतो. जुना थर चिकटून राहिला आणि आपण तो ओढला, तर खालचा नवाही सोबत येऊ शकतो, आणि मग डोळा कायमचा जातो. म्हणून डोळ्याच्या बाबतीत आपण काही करायचं नाही, दमटपणा वाढवून वाट पाहायची. बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर दोन्ही थर एकदमच निघून जातात. डिसेंबरच्या चिंध्या अजून टाकून दिल्या नसतील तर डोक्याकडचा तुकडा शोधा. त्यात दोन छोट्या गोल काचा दिसायला हव्यात. डावी सापडली नाही, तर ती डोळ्यावरच आहे. दोन्ही सापडल्या आणि तरीही डोळा धुरकट, तर भानगड वेगळी आहे. मग वाट न पाहता डॉक्टर गाठा.

शेपटीचं मात्र थांबवून ठेवू नका. कातीचं कडं वाळलं की आवळतं. बोटाला दोरा बांधून ठेवल्यावर होतं तसंच शेपटीचं होतं, रक्त पोचत नाही, टोक काळं पडून गळूनही जातं. आज संध्याकाळीच हे करा. एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला हवेसाठी भोकं पाडा. जुना सुती टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि आत ठेवा. पाणी किती कोमट? बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो ना, त्याहून जरा निवळलेलं. थर्मामीटर असेल तर ८५ फॅरनहाइटच्या आसपास. चकलीला त्या टॉवेलच्या घड्यांमध्ये अर्धा तास फिरू द्या आणि तोवर कुणीतरी शेजारी बसा. नंतर ओल्या फडक्यातून शेपूट अलगद सरकू द्या, डोक्याकडून टोकाकडे. कडं भिजलेलं असेल तर फडक्यातच राहतं. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार दिवसांत काहीच हललं नाही, किंवा टोक काळपट, सुजलेलं, गार वाटलं, तर पशुवैद्य. डब्यात भरपूर पाणी ओतून तिला बुडवून ठेवायची गरज नाही. सापांना ते आवडत नाही, आणि कुणी विसरलं तर जिवावर बेततं.

खोबरेल तेल नको. सासूबाईंना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा. आपल्या त्वचेत तेल मुरतं, खवल्यांवर ते नुसतं बसून राहतं, त्याला भुसा चिकटतो आणि सगळा राडा होतो. कात सुटते ती पाण्याने. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मधे कातीच्या आधी एक पातळ द्रव येतो, त्याने दोन थर वेगळे होतात. सापाच्या अंगात पाणी कमी असेल किंवा हवा कोरडी असेल, तर तो थर नीट सुटत नाही आणि कात तुकड्यांनी निघते. उन्हाळ्यात अख्खी आणि डिसेंबरात चिंध्या, यावरूनच तुमच्या घरात काय झालंय ते कळतं.

शिकागोचा हिवाळा कोरडा असतो हे तुमच्या ओठांना आणि टाचांना ठाऊकच आहे. बाहेर उणे १० सेल्सिअस असताना हवेत ८० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा घरात शिरून २१ अंशांना तापली की आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची धरून ठेवायची ताकद वाढते. स्वयंपाक, अंघोळी, माणसांचे श्वास यांनी घर थोडं सावरतं. पण चकलीच्या टाकीवर आणखी एक दिवा आहे. तो हवा पुन्हा तापवतो, गरम हवा जाळीतून वर निघून जाते आणि खालून कोरडी आत येते. तुमची टाकी म्हणजे जाळीचं झाकण घातलेलं धुराडं झालं आहे. नवऱ्याने चारऐवजी आठदा फवारा मारला तरी ते पाणी अर्ध्या तासात छताकडे जाणार, आणि जे जात नाही ते तळात साचणार. म्हणून वर कोरडं आणि खाली चिखल.

त्या चिखलाची मला कातीपेक्षा जास्त धास्ती वाटते. माझ्याकडे बारा वर्षं बॉल पायथन आहे आणि पहिल्या हिवाळ्यात मीही अगदी हेच केलं होतं. पंधरा दिवसांत त्याच्या पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी डाग आले, मग पाण्याचे फोड. ओल्या, घाणेरड्या तळावर पोट टेकून राहिल्याने होणारा संसर्ग. इंजेक्शनं, मलम, सहा आठवडे नुसत्या पेपर टॉवेलवर ठेवणं, आणि डॉक्टरांचं बिल असं की मी ते घरात कुणाला दाखवलं नाही. आज चकलीला उचलाल तेव्हा पोट नीट पाहा. लालसर झाक, डाग, फोड यांतलं काही असेल तर दमटपणाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे न्या.

आता सासूबाईंना आवडेल असं सांगते. हे साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले, घाना, टोगो, बेनिन या बाजूचे. दिवसभर ते उंदरांच्या रिकाम्या बिळांत नाहीतर वारुळांत असतात. हो, वारूळ, नागपंचमीला आपण पूजतो तसलंच, वाळव्यांनी बांधलेलं. बाहेर माळरान तापलेलं असलं तरी वारुळाच्या आत हवा दमट असते, आणि साप चिखलात बसलेला नसतो. हवा दमट आणि तळ कोरडा, एवढंच तुम्हाला काचेच्या टाकीत घडवायचं आहे. (बेनिनमध्ये विदा नावाच्या गावात पायथनचं देऊळ आहे आणि तिथले साप याच जातीचे. चकलीला बघून सासूबाईंनी हात जोडले असतील, तर त्या एकट्या नाहीत.)

झाकणापासून सुरुवात करा. ओला टॉवेल काढा. दिव्याजवळ तो धोक्याचा आहे आणि दोन दिवसांत त्याला बुरशी धरते. दिवा जिथे टेकतो तेवढी जागा आणि थोडी हवेची जागा सोडून जाळीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ॲल्युमिनियम फॉइलने बाहेरून झाका. स्वयंपाकघरातली फॉइल चालते, दोन पदरी घ्या. चिकटपट्टी टाकीच्या आत कधीही वापरू नका. साप तिला चिकटला तर सोडवताना खवले निघतात. दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक पातळीवर ठेवणारं यंत्र, नसेल तर फॉइलच्या आधी तो घ्या, कारण झाकण बंद झालं की आतलं तापमान चढतं. गरम बाजू ८८ ते ९२ फॅरनहाइट, थंड बाजू ७६ ते ८०.

मग तळ. आत्ताची सगळी भर फेकून द्या, कुबट वास आला म्हणजे बुरशी आलीच. नवीन भर नारळाच्या सोडणाची घ्या. दुकानात दाबलेली वीट मिळते, पाण्यात टाकली की फुगते. कोकणात माझ्या आजीने बंबात जाळलेली सोडणं आठवतात आणि इथे तीच डॉलर मोजून घेताना दर वेळी हसू येतं. पण आहेत उत्तम. पाणी धरून ठेवतात आणि लवकर कुजत नाहीत. चार इंच जाड थर द्या. फवारा मारू नका. टाकीच्या चार कोपऱ्यांत कडेने थोडं थोडं पाणी ओता, म्हणजे ते खालच्या थरात मुरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालचं पाणी हळूहळू वाफेने हवेत येतं. बोट खुपसून बघा, वरचा इंचभर कोरडा आणि खाली ओलसर लागला की जमलं. चार-पाच दिवसांनी पुन्हा तसंच. तुमची आधीची भर नेमकी कसल्या लाकडाची होती ते पत्रात नाही. ॲस्पेन असेल तर ती ओल सहन करत नाही, आणि सीडर किंवा पाइनची असेल तर त्यातली सुगंधी तेलं सापाच्या फुफ्फुसांना वाईट. दोन्ही नकोत.

खरं वारूळ म्हणजे दमट डबा. साध्या झाकणाचा, चकली वेटोळं करून मावेल एवढाच डबा घ्या, मोठा नको, अंग सगळ्या बाजूंनी टेकलं की तिला सुरक्षित वाटतं. बाजूला तिच्या जाडीच्या दुप्पट भोक पाडा आणि कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर नवी नाजूक त्वचा त्यावरच फाटेल. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भरा. किती ओलं, हे सांगायला मला मटकीचं फडकं सगळ्यात सोपं वाटतं. मोड आणताना आपण मटकी बांधतो ते फडकं घट्ट पिळलेलं असतं, हाताला ओल लागते पण थेंब पडत नाही. थेंब पडला तर मटकीला वास येतो. मॉसचंही तेच. हा डबा टाकीच्या मध्यावर, थोडा गरम बाजूकडे ठेवा. लपायच्या दोन कोरड्या जागा, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, तशाच राहू द्या. तिला कुठे बसायचं ते तिला ठरवू द्या.

हायग्रोमीटरबद्दल एवढंच, काट्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडचा दोन वर्षं ६० च्या पुढेच दाखवत होता, आणि खरा आकडा पंचेचाळिशीत होता. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि लेकाला एक प्रयोग करू द्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंबथेंब पाणी टाकायचं, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर घरातल्या तापमानाला ठेवायचं. सकाळी आकडा ७५ हवा. ७० आला तर यंत्र पाच कमी दाखवतं, ८० आला तर पाच जास्त. यात नशिबाचा भाग नाही, ओल्या मिठाभोवतीची बंद हवा तेवढीच दमट होते. सेन्सर थंड बाजूला, तळापासून थोडा वर लावा. एरवी ५५ ते ६५ टक्के पुरतात. कातीच्या दिवसांत ७० च्या पुढे गेलं तरी चालतं. काचेवरून सतत पाणी ओघळत असेल तर मात्र जास्त झालं, थोडी फॉइल मागे सरकवा.

कातीचे दिवस ओळखायला लेकाला शिकवा. आधी अंगाचे रंग मळकट होतात आणि पोट गुलाबीसर दिसतं. मग डोळे निळसर दुधी होतात, मोतीबिंदू झाल्यासारखे. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. कात राहिली की काय, म्हणून घाबरतात, किंवा संपलं समजून पाणी घालणं सोडतात. खरी कात डोळे स्वच्छ झाल्यावर, साधारण चार ते सात दिवसांनी पडते. दमटपणा वाढवायचा तो पहिल्या मळकट दिवसापासून कात पडेपर्यंत, मधे थांबायचं नाही. या काळात तिला नीट दिसत नाही, हात लावला तर दचकते, एखाद वेळी फुत्कारेलही. उचलू नका. उंदीर दिला तर बहुतेक नाकारेल, तेव्हा देऊच नका. नाक घासायला टाकीत एक खडबडीत लाकूड किंवा दगड ठेवा, कात ओठांपासून सुटते आणि तिथेच अडते.

सफाईचं आता. ते पाइनच्या वासाचं द्रावण दुकानात परत करून या. पाइन तेल, फिनेल, डेटॉलच्या जातीतली जंतुनाशकं सापांना विषारी पडतात. आपल्या नाकाला जो वास स्वच्छतेचा वाटतो, तोच त्यांना घातक. टाकी आधी साबणाच्या पाण्याने घासा, मग एक भाग साधं ब्लीच आणि दहा भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि खडखडीत वाळवा. घाण न काढता ब्लीच ओतलं तर ते वायाच जातं. व्हिनेगर किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर ब्लीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. एवढी मोठी सफाई महिन्यातून एकदा पुरे, आणि कातीच्या मधे तर अजिबात नको. ती तिच्या वारुळात गप्प बसलेली असताना आपण घर पाडायचं नाही. मोठी सफाई कात पडल्यावर.

रोज करायचं ते थोडंच आहे. विष्ठा दिसली की आजूबाजूच्या मूठभर भरीसकट उचलायची. तिच्यासोबत खडूसारखा पांढरा गोळा असतो, ती तिची लघवी. दमट टाकीत दोन दिवस राहिली तर वास आणि जंतू दोन्ही वाढतात. पाण्याचं भांडं रोज बदला, आठवड्यातून एकदा घासा. मॉस दर कातीला नवं घ्या आणि मधे रोज नाकाने तपासा. पावसात भिजलेल्या मातीचा वास आला तर ठीक, न वाळलेल्या मोज्यांचा आला तर फेका. भांड्यात काळे, खसखशीहून बारीक हलणारे ठिपके दिसले किंवा चकली पाण्यातच बसून राहू लागली, तर अंगावर उवांसारखे परजीवी असू शकतात. त्यांच्यामुळेही कात बिघडते, आणि त्याचा इलाज डॉक्टरांना विचारूनच करा.

आणि सिंकच्या बाबतीत सासूबाई शंभर टक्के बरोबर होत्या. निरोगी दिसणाऱ्या सापाच्याही पोटात साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. टाकी, भांडं, मॉसचा डबा यांतलं काहीही जेवणाच्या भांड्यांच्या सिंकमध्ये जाऊ नये. बाथरूमच्या टबात धुवा, मग टबही ब्लीचने धुवा. स्पंज वेगळा ठेवा. सापाला किंवा टाकीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, लेकाने तर लगेच. पाच वर्षांखालची मुलं आणि पासष्टीच्या पुढची माणसं यांना हा जंतू जास्त भोवतो. म्हणून टाकीची सफाई सासूबाईंनी करू नये, देखरेख खुशाल करावी. ती त्या करतच आहेत असं पत्रावरून दिसतंच. दुधाचा विषय निघाला तर वाटी टाकीत जाऊ देऊ नका, सापाला दूध पचत नाही. स्वच्छ पाण्याचं मोठं, जड भांडं हाच तिचा नैवेद्य.

डॉक्टर शोधताना कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात वेळ घालवू नका. एआरएव्ही ही सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची संघटना आहे, तिच्या संकेतस्थळावर जवळचा डॉक्टर शोधता येतो. आत्ताच एक नाव-पत्ता फ्रिजवर लावून ठेवा. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या.

हे सदर भारतातही वाचलं जातं, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. धामण, नाग, आपला अजगर यांना घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. वाचून हौस वाटली असेल तर आधी वन खात्याकडे चौकशी करा. अंगणात साप निघाला तर सर्पमित्राला फोन करा, त्याला डब्यात भरू नका.

हैराण आई, चकलीची पुढची कात बहुधा फेब्रुवारीत पडेल. पडली की ओली असतानाच उलगडा, टेबलावर नव्हे, जुन्या वर्तमानपत्रावर. ती सापापेक्षा लांब भरेल, ताणली गेलेली असते, लेकाला त्याचं नवल वाटू द्या. डोक्याकडे दोन काचा आणि शेवटी शेपटीचं अणकुचीदार टोक आहे का बघा. डावीकडे एकावर एक दोन काचा मिळाल्या तर मला जरूर कळवा. सासूबाईंना बरकतीसाठी ती कात कपाटात ठेवायची असेल तर ठेवू द्या, फक्त पूर्ण वाळवून, झिपच्या पिशवीत, आणि साड्यांच्या कप्प्यात नको.